थकलेले भाडे आणि वाड्याची मालकी

जुन्या नाशकात, भद्रकाली-पंचवटीच्या गल्ल्यांत, मोडकळीला आलेल्या वाड्यांना पावसाळ्यापूर्वी महापालिकेच्या नोटिसा लागतात. दुरुस्ती मात्र अनेकदा घरमालक-भाडेकरूंच्या दाव्यात अडकलेली असते.

असे दावे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 खाली चालतात. तो 31 मार्च 2000 पासून लागू आहे. भाडे थकले म्हणून लगेच घर रिकामे करून घेता येत नाही. आधी लेखी नोटीस आणि ती मिळाल्यापासून 90 दिवसांची वाट, मगच दावा. समन्स मिळाल्यावरही भाडेकरूला 90 दिवस मिळतात. त्या मुदतीत थकबाकी 15 टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरली, पुढचे भाडे नियमित भरत राहिला आणि दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीपोटी घर जात नाही. ही तरतूद गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर वाचवते; मुदत चुकली की ते वाचवणे फार अवघड.

मालकीचा वाद त्याहून गुंतागुंतीचा. मूळ मालक वारला, वारसांत वाटणी झाली नाही, की भाडे कोणाला द्यायचे हेच कळत नाही. पण ज्याच्याकडून जागा घेतली, त्याची तेव्हाची मालकी भाडेकरूला ताबा असेपर्यंत नाकारता येत नाही. वारसांचा आपसातला हक्क स्वतंत्र दिवाणी दाव्यात ठरतो.