सातवीतला तो ठेका
बीथोव्हेन म्हटलं की लोक पाचवी नाहीतर नववी सिंफनी काढतात. माझा जीव मात्र सातवीत अडकलाय, त्यातही दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये. एक लांब, दोन आखूड, दोन लांब. एवढाच ठेका, आणि चाल म्हणावी तर सुरुवातीला एकाच सुरावर घुटमळणारी! आधी व्हायोला, चेलो, डबल बास. मग व्हायोलिन्स ती चाल उचलतात आणि खालून चेलो-व्हायोला वेगळीच आर्त धून गाऊ लागतात. तिथे दरवेळी काटा येतो.

८ डिसेंबर १८१३, व्हिएन्ना. जखमी सैनिकांच्या मदतीसाठी मैफल, संचालन खुद्द बीथोव्हेनचं. श्रोत्यांनी हीच मूव्हमेंट पुन्हा वाजवायला लावली. सूचना 'अलेग्रेटो' आहे, म्हणजे किंचित जलद. काही संचालक ती अंत्ययात्रेसारखी ओढतात, ते मला मुळीच पटत नाही.