आजीचा फोटो फक्त आधार कार्डावर? ॲक्रिलिक रंगात घरच्यांची चित्रं कशी काढतात, समजून घ्या

चाकूर : गावात एखादं वयस्क माणूस गेलं की घरात फोटोची शोधाशोध सुरू होते. पोरं मोबाईल चाळतात, कपाटातला लग्नाचा अल्बम निघतो, आणि शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून फ्रेम केला जातो. तेरवीला तोच फोटो पाटावर ठेवतात. ज्या बाईनं पन्नास-साठ वर्षं रानात आणि चुलीपुढं काढली, तिची नातवंडांकडं राहणारी ओळख म्हणजे कॅमेऱ्याकडं घाबरून बघताना घाईत टिपलेला एक चेहरा.

मोबाईल आल्यापासून फोटो भरपूर निघतात. पण मोबाईल हरवला, बिघडला की सगळे एकदम जातात. कागदावरचे फोटो ओलीनं चिकटतात, पिवळे पडतात. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे 10 हजार माणसं गेली. पडलेल्या घरांबरोबर भिंतीवरच्या तसबिरीही ढिगाऱ्यात गेल्या. गेलेल्या माणसाचं रूप जपून ठेवायची आपल्याकडची सोय मात्र जुनी आहे. देवघरातले पूर्वजांचे टाक हे त्याचंच एक उदाहरण.

रंगानं काढलेलं घरच्या माणसाचं चित्र ही त्यातलीच पुढची पायरी. यासाठी चित्रकार असावं लागतं असं नाही. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिलेली पोरं आता गावोगाव आहेत. त्यांना हे जमण्यासारखं आहे.

पंढरपूर ते कोल्हापूर : दोन चित्रकार, दोन गोष्टी

जगभर नाव झालेले चित्रकार एम. एफ. हुसेन यांचा जन्म 1915 साली पंढरपूरचा. ते दीड-दोन वर्षांचे असताना त्यांची आई वारली. आईचा एकही फोटो घरात नव्हता, त्यामुळं तिचा चेहरा त्यांना कधीच कळला नाही. पुढं त्यांनी मदर तेरेसांची चित्रं काढली, त्यात पांढरी साडी आणि निळा काठ आहे, पण चेहरा रिकामाच ठेवलेला आहे. न पाहिलेल्या आईचा या चित्रांशी असलेला संबंध ते स्वतःच सांगत.

दुसरी गोष्ट सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांची. हातात दिवा घेतलेल्या तरुणीचं त्यांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. कित्येक लोक ते राजा रविवर्मा यांचं समजतात. ते चित्र जलरंगातलं आहे आणि त्यातली तरुणी म्हणजे हळदणकरांची मुलगी गीता. गीताताई उपळेकर यांनी वयाची शंभरी ओलांडली आणि 2018 मध्ये कोल्हापुरात त्यांचं निधन झालं. चित्रातल्या दिव्याचा उजेड मात्र अजून त्या तरुण चेहऱ्यावरच पडतो आहे.

एकाला आईचा चेहरा मिळाला नाही, दुसऱ्यानं लेकीचा चेहरा राखून ठेवला. घरच्या माणसांचं चित्र वेळेत का काढावं, याचं उत्तर या दोन गोष्टींत मिळतं.

एका चित्रावर थांबायचं नाही

एक चित्र काढलं की माणूस तिथंच थांबल्यासारखा दिसतो. पण घर थांबत नाही. नातू वाढतो, आजोबा वाकतात. ही वाढ आणि झीज दोन्ही दिसायची असेल तर त्याच माणसाला पुन्हा पुन्हा काढावं लागतं.

अमेरिकेतले छायाचित्रकार निकोलस निक्सन यांनी 1975 पासून आपली बायको आणि तिच्या तीन बहिणी यांचा दरवर्षी एक फोटो काढला. चौघी दरवेळी त्याच क्रमानं उभ्या राहिल्या. चाळीसपेक्षा जास्त वर्षं हे चाललं. कुठल्याही दोन लागोपाठच्या फोटोंत फरक कळत नाही. पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवले की मात्र माणूस गप्प होतो. नेदरलँडचा चित्रकार रेम्ब्रांट तरुणपणापासून 1669 साली मरेपर्यंत आपलाच चेहरा काढत राहिला, सुरकुत्या न लपवता.

आपल्याकडं ठाण्याचे सुधीर पटवर्धन यांचं नाव घ्यावं लागेल. 1949 साली पुण्यात जन्मलेले पटवर्धन पेशानं डॉक्टर, त्यातही एक्स-रे तपासणारे. 2005 पर्यंत त्यांनी ठाण्यात हे काम केलं आणि त्याच्या जोडीनं चित्रं काढली. त्यांच्या चित्रांत कामगार, रस्त्यावरची माणसं आणि घरातली माणसं थकलेल्या, वापरलेल्या शरीरासकट येतात. पुढच्या काळात त्यांनी ॲक्रिलिक रंगातही मोठी चित्रं केली.

ॲक्रिलिक म्हणजे नेमकं काय?

कुठल्याही रंगात दोन गोष्टी असतात. एक रंगाची पूड आणि दुसरी ती पूड धरून ठेवणारा चिकट पदार्थ. तैलरंगात जवसाचं तेल असतं, जलरंगात डिंक असतो. ॲक्रिलिकमध्ये प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थाचे अतिबारीक कण पाण्यात मिसळलेले असतात. पाणी उडालं की हे कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा तयार होतो. भिंतीला देतात तो ॲक्रिलिक इमल्शन याच कुळातला.

फेविकॉल ओला असताना पांढरा दिसतो, वाळल्यावर पारदर्शक होतो. ॲक्रिलिकचंही तसंच आहे. म्हणून वाळल्यावर रंग थोडा गडद दिसतो. नवशिके इथंच फसतात, हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं.

पाण्यात मिसळणारे चित्रकलेचे ॲक्रिलिक रंग 1950 च्या दशकात अमेरिकेत बाजारात आले. आता तालुक्याच्या स्टेशनरी दुकानातही कॅमल, फेविक्रिल यांच्या बाटल्या मिळतात. कॅमल ब्रँडची कॅमलिन कंपनी 1931 साली दांडेकर बंधूंनी शाईच्या धंद्यातून सुरू केली होती.

खेड्यातल्या घराला हा रंग सोयीचा आहे. टर्पेंटाइन लागत नाही, वास कमी येतो, ब्रश पाण्यानं धुता येतो आणि पातळ थर अर्ध्या तासाच्या आत वाळतो.

थरावर थर

वाढ आणि झीज दाखवायला ॲक्रिलिकचा सगळ्यात मोठा फायदा हा की एकदा वाळलेला थर पाण्यानं विरघळत नाही. त्यावर नवा पातळ थर दिला तर खालचा थर आतून दिसत राहतो. म्हणजे एकाच फळीवर पहिल्या वर्षी नातवाचा चेहरा काढला आणि पुढच्या वर्षी त्यावरच थोडा मोठा चेहरा काढला, तर जुनी रेघ कडेला धूसर उरते. घराच्या भिंतीचा पोपडा निघाला की खालचा जुना निळा रंग दिसतो, तसंच काहीसं. नवा थर देण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवावा, म्हणजे प्रत्येक वर्षाची नोंदही राहते.

ज्यांना जुनं चित्र झाकायचं नाही, त्यांनी दरवर्षी एकाच मापाची वेगळी फळी वापरावी. दिवाळीला पुण्या-मुंबईची पोरं घरी येतात, तो मुहूर्त बरा. बसायची जागा आणि उजेडाची दिशा मात्र तीच ठेवावी, नाहीतर फरक वयाचा आहे की उजेडाचा, ते कळत नाही.

चेहऱ्यात काय बघायचं?

जन्मलेल्या लेकराचं डोकं त्याच्या एकूण उंचीच्या साधारण चौथा हिस्सा असतं. मोठ्या माणसात ते सातवा-आठवा हिस्सा होतं. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर येतात, लहान लेकराचे त्याच्या खाली. लेकराचं चित्र बुटक्या म्हाताऱ्यासारखं दिसतं, ते बहुतेक या मापातल्या चुकीमुळं.

म्हातारपणात दात पडले की जबड्याचं हाड झिजतं, गाल आत जातात आणि हनुवटी नाकाजवळ येते. कातडीखालची चरबी कमी होते, म्हणून कपाळाची आणि गालाची हाडं वर दिसतात. कान आणि नाक सैल पडून लांबट वाटतात. एवढं बघितलं तर प्रत्येक सुरकुती काढत बसायची गरज राहत नाही.

शेतकऱ्याच्या चेहऱ्याला आणखी एक खूण असते. टोपी किंवा पटका काढला की कपाळावर एक सरळ रेघ दिसते, वर उजळ आणि खाली उन्हानं रापलेलं. आधार कार्डाच्या फोटोत ही रेघ येत नाही. हातही काढावेत. बोटांची फुगलेली पेरं, विळ्याची जुनी खूण, बांगड्यांनी पडलेला वळ, यातून माणूस लगेच ओळखू येतो.

कातडीचा रंग तयार बाटलीतला घेऊ नये. तो सगळ्यांना सारखाच गुलाबी करून टाकतो. पिवळी माती म्हणजे यलो ऑकर, गेरूच्या जवळचा बर्न्ट सिएना, थोडा निळा आणि पांढरा, एवढ्यावर भागतं. हे मातीचे रंग लोहाच्या ऑक्साइडमुळं तयार झालेले असतात आणि उन्हात सहसा उडत नाहीत. सावलीला नुसता काळा लावला की चेहरा मळकट दिसतो. तिथं तपकिरीत निळा मिसळावा.

सुरुवात कशी करायची?

कॅनव्हास महाग वाटला तर प्लायवूडचा किंवा हार्डबोर्डचा तुकडा चालतो. त्याला पांढऱ्या ॲक्रिलिक प्रायमरचे दोन हात द्यावेत. मग पातळ गेरू रंगानं चेहऱ्याचा आकार, त्यावर सावल्या, शेवटी उजळ जागा. रंगात फार पाणी घालू नये, पकड सुटते.

एप्रिल-मेच्या उन्हात रंग ताटलीतच वाळतो. अशा वेळी ताटलीत ओलं फडकं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग घ्यावा. काम सकाळी लवकर करावं. ब्रश पाण्यात धुतल्याशिवाय जेवायला उठू नये, तो दगडासारखा कडक होतो. ब्रश धुतलेलं पाणी विहिरीत, हौदात किंवा जनावरांच्या टाकीत ओतू नये. त्यात प्लास्टिकचे कण असतात आणि काही रंगांत घातक धातूही असू शकतात.

चित्रही झिजतं

हा रंग प्लास्टिकच्या जातीचा असल्यानं उन्हाळ्यात किंचित मऊ पडतो आणि धूळ धरतो. म्हणून चित्रावर चित्र ठेवू नये, थेट काच टेकवू नये. चुलीच्या धुरापासून, ओल येणाऱ्या भिंतीपासून आणि थेट उन्हापासून लांब लावावं. पुसायला कोरडा मऊ ब्रश पुरे. या रंगाला अजून शंभर वर्षंही झाली नाहीत, त्यामुळं तो शेकडो वर्षं टिकेल असं कोणी छातीठोक सांगू नये. मागच्या बाजूला पेन्सिलनं नाव, गाव आणि साल लिहावं. दोन पिढ्यांनी चित्र राहतं, पण हे कोण, ते सांगणारं कोणी राहत नाही.

विचारल्याशिवाय नको

काही घरांत भिंतीवर तसबीर म्हणजे गेलेल्या माणसाचीच, असा समज आहे. जिवंतपणी चित्र काढायचं म्हटलं की म्हातारी माणसं दचकतात. त्यांना चित्र कशासाठी ते सांगावं, आणि पहिल्यांदा नातवाबरोबर बसवावं. आजारी माणसाचं चित्र काढायचं असेल तर त्याची परवानगी हवीच. झीज दाखवणं वेगळं आणि माणसाची लाज काढणं वेगळं. ते चित्र व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं की नाही, हेही त्यालाच ठरवू द्यावं.

चित्रासाठी एक-दोन तास समोर बसावं लागतं. तेवढ्या वेळात आजी माहेरचं, दुष्काळाचं, पहिल्या बैलजोडीचं काहीबाही सांगत राहते. ते ऐकून वहीत उतरवून ठेवावं. घरात सगळ्यात वयस्क कोण आहे ते बघावं आणि सुरुवात त्यांच्यापासून करावी. नातवाला अजून वेळ आहे.