परसातील अंडी उबवणी : उन्हाळ्यापूर्वीची दक्षता

वसंत ऋतूत देशाच्या ग्रामीण भागात अनेक कुटुंबे परसात अंडी उबवण्यास ठेवतात. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया या जातींच्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. त्यामुळे त्यांची अंडी गावठी कोंबडीखाली अथवा उबवणी यंत्रात ठेवावी लागतात. सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस तापमानात २१ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. मात्र उन्हाळ्यात, उबवणीपूर्वी साठवलेल्या अंड्यांतील गर्भ उष्णतेमुळे अवेळी वाढू लागतो आणि दगावतो. गावठी कोंबडीखाली साधारणतः १० ते १२ अंडी बसतात. ती वाया गेल्यास गृहिणीच्या हाती येणारे उत्पन्न बुडते. म्हणून अंडी थंड, सावलीच्या जागी साठवून तीन-चार दिवसांतच उबवण्यास ठेवणे हिताचे ठरते.