वीस एकरांची गोधडी

तीन फूट बाय सहा फूट. अमेरिकेत एड्सने गेलेल्या आपल्या माणसासाठी कापड शिवायचं, तर माप हेच. साधारण एका थडग्याएवढं.

सॅन फ्रान्सिस्कोत महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि नगरसेवक हार्वी मिल्क यांचा १९७८ साली खून झाला. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी मेणबत्त्या घेऊन फेरी निघे. १९८५च्या फेरीत क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याने लोकांना पुठ्ठ्यांवर एड्सने गेलेल्यांची नावं लिहायला लावली. शेवटी शिड्या लावून ते सगळे पुठ्ठे एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवले. जोन्स मागे सरकून पाहतो, तर समोर ठिगळाठिगळांची गोधडी! त्यातूनच गेलेल्यांच्या नावांची खरीखुरी गोधडी शिवायची कल्पना निघाली.

आपल्याला यातली गोम चटकन कळते. विरलेली लुगडी, आजोबांचं धोतर, वर धावदोऱ्याच्या रांगा. गेलेल्या माणसाच्या उबेतच आपण झोपत आलो. तिथे तर या उबेचीच वानवा होती. अंत्यसंस्कार करणारे कित्येक जण एड्सच्या मृतदेहाला हात लावायला तयार नसत. काही घरांत रोगाचं नाव लपवलं जाई, आणि वर्षानुवर्षं सोबत राहिलेल्या जोडीदाराला अखेरच्या निरोपालाही जागा नसे. त्याने मग सुई हातात घेतली. जीन्स, चामडं, टेडी बेअर, पदकं, केस, क्वचित चिमूटभर रक्षासुद्धा त्या तुकड्यांवर टाकली गेली.

हिशेबही देखणा आहे. असे ८ तुकडे जोडले की बरोबर १२ बाय १२ फुटांचा चौकोन होतो. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर गोधडी पहिल्यांदा पसरली तेव्हा तुकडे होते १,९२०. पांढऱ्या कपड्यांतले स्वयंसेवक कमळाच्या पाकळ्यांसारख्या घड्या उलगडत, आणि एकीकडे नावं वाचली जात. गोधडी जमिनीवर अंथरलेली, त्यामुळे पाहायचं तर मान खाली घालावीच लागे.

१९९६ साली ती तिथेच अखेरची अख्खी पसरली. आज तुकडे आहेत सुमारे ५०,०००, त्यांवर नावं १ लाखाहून जास्त, वजन ५४ टन. नुसत्या कापडाचा हिशेब केला तरी वीस एकर भरतात. दर नावाला तीन सेकंद धरले, तर वाचन संपायला साडेतीन दिवस आणि रात्री लागतील.

सगळे तुकडे गोडगोड नाहीत, हे मला फार आवडतं. स्वतः समलैंगिक असल्याचं अखेरपर्यंत नाकारणाऱ्या, इतरांचा मात्र छळ करणाऱ्या रॉय कोन या वकिलाच्या तुकड्यावर तीनच शब्द आहेत: दंडेल, भेकड आणि बळी. शिवणाऱ्याने राग लपवला नाही, पण जागा मात्र सर्वांइतकीच दिली.

कापड म्हटलं की ते फाटतं, विटतं. गर्ट मॅकमलिन ही शिवणकर्ती १९८७पासून या गोधडीची डागडुजी करत आली आहे. २०२० साली कोरोना आला आणि मास्क मिळेनासे झाले, तेव्हा तिने गोधडीच्या कामातून उरलेलं कापड बाहेर काढलं आणि मास्क शिवायला घेतले.