राष्ट्रीय पुरस्कार आणि बांधावरील संशोधक

गुणीजनांचा गौरव राजदरबारीं व्हावा ही आपल्याकडील जुनी चाल आहे. स्वातंत्र्यानंतर तिला नवें रूप आलें इतकेंच. शास्त्रज्ञांकरितां शांतिस्वरूप भटनागर यांच्या नांवाचें पारितोषिक १९५७ सालीं स्थापन झालें, आणि शिक्षकांस राष्ट्रीय सन्मान देण्याची प्रथा १९५८ पासून चालत आली. भटनागर पारितोषिक पंचेचाळीस वर्षांच्या आंतील संशोधकांस मिळत असे व त्यांत सात शास्त्रें गणलीं जात: गणित, पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र, वैद्यक, यंत्रविद्या आणि भूविज्ञान. कृषिशास्त्राला त्या यादींत स्वतंत्र स्थान नव्हतें. कोट्यवधि कुटुंबें जिच्यावर पोट भरतात ती विद्या जीवशास्त्राच्या पदराखालीं उभी राहिली, याचें नवल आमच्या वाचकांस वाटल्यावांचून राहणार नाहीं.

ही उणीव आतां दूर झाली आहे. २०२३ सालीं केंद्र सरकारानें जुनीं पारितोषिकें एकत्र करून 'राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार' सुरू केला व त्यांतील तेरा विषयांत कृषिविज्ञानाचा समावेश केला. विज्ञानरत्न, विज्ञानश्री, विज्ञानयुवा आणि विज्ञानसंघ असे त्याचे चार वर्ग आहेत. पहिला समारंभ २२ ऑगस्ट २०२४ रोजीं राष्ट्रपतिभवनांत होऊन तेहतीस पुरस्कार देण्यांत आले. २०२५ सालचा विज्ञानरत्न हा सन्मान आपल्या जयंत नारळीकरांस मरणोत्तर जाहीर झाला. ज्यांनीं आकाशाचें शास्त्र मराठी मुलांच्या भाषेंत उतरविलें त्यांचा हा गौरव उशिरां कां होईना, योग्य ठिकाणीं झाला.

या पुरस्काराच्या नियमांत कोणत्याहि संस्थेंत नसलेल्या व्यक्तीसहि दार उघडें ठेविलें आहे. नियम चांगला आहे. परंतु निबंध, प्रबंध व शिफारसपत्रें यांच्या वाटेनें जावयाचें त्या दारापर्यंत आपला धानकरी पोंचणार कसा? ही अडचण ओळखून अहमदाबादचे प्राध्यापक अनिल गुप्ता यांच्या 'हनी बी' चळवळींतून, केंद्र सरकारच्या विज्ञानखात्याच्या साह्यानें, २००० सालीं 'राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान' ही संस्था निघाली. शाळा न शिकलेल्या, कोणाचें साह्य न घेतलेल्या कारागिरांची व शेतकऱ्यांची कल्पकता शोधून काढावी आणि तिला राष्ट्रीय पारितोषिक द्यावें हें तिचें काम. त्या चळवळीचे लोक शोधयात्रा काढून खेडोपाडीं पायीं हिंडतात, ही गोष्ट आम्हांस विशेष आवडली. कचेरींत बसून अर्जांची वाट पाहणारे पुष्कळ आहेत.

या प्रतिष्ठानानें २००५ सालीं ज्यांचा सन्मान केला त्यांत चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे दादाजी रामाजी खोब्रागडे हे एक होते. शिक्षण तिसऱ्या इयत्तेपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ सालीं आपल्या बांधींत 'पटेल ३' या वाणाच्या उभ्या पिकांत त्यांना तीन लोंब्या निराळ्या दिसल्या. दाणा पिंवळसर व बारीक. दुसऱ्या कोणीं त्या इतर पिकाबरोबर कापून खळ्यावर टाकल्या असत्या. दादाजींनीं त्या वेगळ्या काढून पिशवींत बांधून ठेविल्या, आणि पुढील सालीं शेताच्या मध्यभागीं, रानडुकरांची दृष्टि जाणार नाहीं अशा बेतानें, निराळ्या लाविल्या. निवड, पेरणी, पुन्हां निवड असा क्रम कित्येक वर्षें चालला.

या कामाचें शास्त्रीय मर्म समजून घेण्यासारखें आहे. धान हें स्वपरागी पीक. फुलाचें परागसिंचन बहुधा त्याच फुलांत होत असल्यामुळें वेगळी निघालेली लोंबी पुढील पिढींतहि बऱ्याच अंशीं आपले गुण राखते. वेगळेपण टिकविण्यास शेजारच्या धानापासून तीन मीटर अंतर बीजोत्पादनांतहि पुरतें मानतात. बाजरीसारख्या परपरागी पिकांत हें साधणें फार कठीण, कारण वारा दुसऱ्याचा पराग आणून घातल्यावांचून राहत नाहीं. ज्वारीची गोष्ट या दोहोंच्या मधली. तेव्हां दादाजींचें यश निव्वळ दैवाचें नव्हे. पीक त्यांना अनुकूल होतें हें खरें. परंतु हजारों लोंब्यांतून तीन ओळखणारी नजर आणि त्या वर्षानुवर्षें सांभाळणारी चिकाटी त्यांची स्वतःची होती.

१९९० च्या सुमारास हें धान बाजारांत आलें. व्यापाऱ्यानें नांव विचारलें, तर त्याला नांवच नव्हतें. त्या काळीं एचएमटीच्या मनगटी घड्याळांचा बोलबाला होता, म्हणून त्यानेंच तें नांव ठेविलें. घड्याळाची कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारला २०१६ सालीं घ्यावा लागला. तांदूळ मात्र त्या नांवानें अजून विकला जातो. महाराष्ट्राबाहेर मध्यप्रदेश, छत्तीसगड व आंध्र येथेंहि त्याची लागवड पसरली. दादाजी एवढ्यावर थांबले नाहींत. 'नांदेड ९२', 'नांदेड हिरा', 'विजय नांदेड', 'दीपक रत्न', तसेंच स्वतःच्या नांवाच्या आद्याक्षरांचा 'डीआरके', असे आणखीहि वाण त्यांनीं निवडले.

आतां दुसरी बाजू. १९९४ सालीं सिंदेवाहीच्या भातसंशोधन केंद्राकडे त्यांचें बियाणें प्रयोगाकरितां गेलें, व १९९८ सालीं कृषि विद्यापीठाकडून 'पीकेव्ही एचएमटी' हा वाण प्रसृत झाला. मूळ श्रेय आपणांस मिळालें नाहीं अशी दादाजींची तक्रार होती. बियाणें मिश्र होतें, त्याची शुद्धि आम्हीं केली, असा विद्यापीठाचा पक्ष. शुद्धीचें काम लहान नसतें हें आम्ही जाणतों. तथापि शुद्धि करावयास मूळ वस्तु कोणीं दिली याचा उच्चार नांवानिशीं व्हावयास हवा होता, असें आमचें स्पष्ट मत आहे. पुढें २०१० सालीं फोर्ब्स नामक मासिकानें ग्रामीण उद्योजकांच्या यादींत दादाजींचें नांव घातलें, सन्मानपत्रें आलीं, हार पडले. परंतु ओढाताण संपली नाहीं. ३ जून २०१८ रोजीं त्यांचें निधन झालें तेव्हां उपचाराच्या खर्चाचीच विवंचना होती.

पुरस्कार म्हणजे हक्क नव्हे, आणि हा भेद शेतकऱ्यानें नीट ओळखला पाहिजे. हक्काची सोय २००१ च्या 'पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क' कायद्यांत आहे. नवा वाण निपजविणाऱ्या शेतकऱ्यास पैदासकाराप्रमाणेंच नोंदणी मिळते व शेतकऱ्याच्या वाणास नोंदणीची फी पडत नाहीं. वाण वेगळा आहे, एकसारखा आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहतो, एवढें कसोटीस उतरावें लागतें. हंगामी पिकांस हा हक्क पंधरा वर्षें व झाडांस आणि वेलींस अठरा वर्षें मिळतो. याच कायद्याखालीं बीजरक्षकांसहि पारितोषिकें आहेत: बियाणें जतन करणाऱ्या समूहास दहा लाख रुपये, शेतकऱ्यास दीड लाख व एक लाख अशा रकमा. दादाजींनीं पहिली लोंबी उचलली तेव्हां यांतील कांहींच नव्हतें.

अकोलें तालुक्यांतील कोंभाळणें येथील राहीबाई पोपेरे यांचें काम निराळ्या जातीचें आहे. त्यांनीं नवें निपजविण्यापेक्षां वाल, घेवडे व भाज्या यांचें गांवरान बियाणें नाहींसें होऊं दिलें नाहीं. शाळेंत कधीं न गेलेल्या या बाईंस २०१९ च्या मार्चमध्यें नारीशक्ति पुरस्कार व २०२१ सालीं पद्मश्री प्रत्यक्ष हातीं मिळाली.

आमच्या सभासदांपैकीं कित्येकांच्या घरीं वडिलांपासून चालत आलेलें एखादें बियाणें असेल, अथवा उभ्या पिकांत निराळें झाड आढळून त्याची निवड चालू असेल. अशांनीं तें बियाणें कोणास दिलें, किती दिलें व कोणत्या तारखेस दिलें, हें वहींत लिहून घेणाऱ्याची सही अवश्य घ्यावी. तसेंच मूळ वाण, पहिल्या निवडीचें साल, पक्वतेचे दिवस व एकरीं उतार एवढी माहिती आम्हांस कळवावी. येत्या खरिपापूर्वीं आलेली माहिती नांवगांवासह या मासिकांत छापूं, व नोंदणीचा अर्ज भरण्यास लागेल तें साह्य मंडळाच्या कचेरींतून मिळेल.