स्कॅन केलेला कागद खरा की खोटा?

२७ एप्रिल २०११ रोजी व्हाइट हाउसने अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांचा जन्मदाखला स्कॅन करून प्रसिद्ध केला. काही उत्साही मंडळींनी ती पीडीएफ फाइल चित्रे दुरुस्त करण्याच्या प्रणालीत उघडली. पाहतात तो काय, हिरवट कागद एका थरात, बरीचशी अक्षरे दुसऱ्या थरांत आणि अक्षरांभोवती पांढरी कडा! काही अक्षरे तर बिंदू न् बिंदू एकसारखी. ‘अक्षरे चिकटवली आहेत, दाखला बनावट आहे,’ असा गवगवा झाला. प्रत्यक्षात दाखला हवाई राज्याच्या आरोग्य खात्यानेच दिलेला होता. मग हे थर आले कुठून?

थोडे गणित करू. ए-४ कागद इंचाला ३०० बिंदू या प्रमाणात स्कॅन केला, तर सुमारे ८७ लाख बिंदू होतात. रंगीत चित्रात प्रत्येक बिंदूला ३ बाइट, म्हणजे अडीच कोटींहून अधिक बाइट झाले. एवढा बोजा टाळण्यासाठी यंत्र काटकसर करते. अक्षरे आणि पार्श्वभूमी वेगळी काढून ते अक्षरे रेखीव व पार्श्वभूमी ढोबळ अशी साठवते. झाले थर तयार!

‘जेबिग-२’ या पद्धतीत काटकसर आणखी पुढे जाते. एखादे अक्षर आधीच्या अक्षरासारखे दिसले, की यंत्र त्याचे नवे चित्र साठवत नाही. ‘मघाचेच येथे ठेवा’ एवढीच नोंद करते. छापखान्यात एकाच साच्यातले खिळे जुळवावेत, तसे. मग अक्षरे तंतोतंत सारखी दिसणारच.

पण ‘सारखे’ कोणी ठरवायचे? यंत्राने! २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने एका बांधकाम नकाशाची प्रत पाहिली. मूळ नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर होती. प्रतीत तिन्ही ठिकाणी १४.१३! यंत्र झेरॉक्स कंपनीचे, जिच्या नावानेच आपण छायाप्रतीला ओळखतो. इतर कागदांत इंग्रजी सहाच्या जागी आठ आलेलेही त्यांना आढळले. अंक पुसट नव्हते, चांगले ठसठशीत होते. पुढे कंपनीने यंत्रांच्या प्रणालीत दुरुस्ती केली.

म्हणजे ओबामांच्या दाखल्यात खुणा दिसत होत्या, पण दाखला खरा होता. नकाशात संशयास्पद काहीच दिसत नव्हते, पण आकडे चुकीचे होते. माझ्या मते दुसरा प्रकार अधिक घातक. नकाशातील चूक भिंगाने सापडली नाही. मोठ्या खोलीचे क्षेत्रफळ लहान खोलीइतके कसे, या साध्या शंकेने सापडली. गुणपत्रिकेच्या प्रतीत बेरीज जुळत नसेल, तर विद्यार्थ्यावर खाडाखोडीचा आरोप करण्याआधी मूळ कागद मागवावा, तो याचसाठी.

वर्गात करून पाहा: बारीक इंग्रजी अंकांचा तक्ता छापून तो कमीत कमी बिंदूंवर स्कॅन करा आणि पडद्यावर आठपट मोठा करा. इंचाला २०० बिंदू असतील, तर २ मिलिमीटर उंचीच्या अंकाच्या वाट्याला उभे जेमतेम १६ बिंदू येतात. सहा आणि आठ यांत फरक किती बिंदूंचा, ते विद्यार्थ्यांनाच मोजू द्या.