हॅम रेडिओ : आधी परवाना, मग तार, शेवटी संच

ज्या छंदातून एक पैसाही मिळवता येत नाही, उलट मिळवण्यास नियमानेच मनाई आहे, त्याविषयी व्यापाराच्या पानावर लिहिण्याचे कारण काय, असे वाचक विचारतील. कारण सरळ आहे. हॅम रेडिओच्या नादाला लागलेली आपली होतकरू मुले पहिल्याच महिन्यात खिशातला पैसा चुकीच्या जागी घालतात आणि वर्षभरात कंटाळून संच विकायला काढतात. दुसरे असे, की रेडिओ-टीव्ही व मोबाईल दुरुस्तीच्या धंद्यात असलेल्या तरुणांना हातात खरे कसब यावे यासाठी याहून स्वस्त शाळा सापडणार नाही. तेव्हा खरेदी कशी करावी आणि पुढे कसे जावे, याचाच विचार येथे करू.

ज्यांना विषय नवीन आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. सरकारचा परवाना घेऊन, स्वतःचे वायरलेस केंद्र घरात चालवून, जगभरच्या इतर परवानाधारकांशी बोलणाऱ्याला हॅम म्हणतात. मध्ये मोबाईल कंपनी नाही, इंटरनेट नाही, टॉवर नाही. आपला संच, आपली एरियल आणि वरचे आकाश. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामी आली तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद यांची हॅम तुकडी योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये होती. बाकीची संपर्कसाधने कोलमडली असताना अंदमानातील खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचवण्याचे मोठे काम या छंदाच्या यंत्रांनी केले. 26 जानेवारी 2001 च्या भूज भूकंपातही हॅम मंडळी धावून गेली होती.

पहिला खर्च : परीक्षेचा

बहुतेकांची सुरुवात उलटी होते. ऑनलाईन दोन-तीन हजारांचा चिनी हँडसेट मागवायचा, बटणे दाबून पाहायची आणि मग परवान्याची चौकशी करायची. हे करू नये. आपल्याकडे परवान्याशिवाय असा संच चालवणेच नव्हे, तर जवळ बाळगणेही 1933 पासून गुन्हा ठरत आला आहे. 446 मेगाहर्ट्झच्या छोट्या पट्ट्यातील कमी शक्तीच्या वॉकी-टॉकींना तेवढी सूट मिळाली. हॅमचे हँडसेट त्यात बसत नाहीत. विक्रेत्याने सांगितले नाही, ही सबब चालत नाही. 2025 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाईन विक्रेत्यांना याच कारणावरून नोटिसा दिल्या व वॉकी-टॉकी विक्रीसाठी मार्गदर्शक नियम काढले. आखातातून येणाऱ्या मामा-चाचांना “येताना एक वायरलेस घेऊन या” असे सांगणाऱ्यांनी तर विशेष जपावे. कागदपत्रांशिवाय सामानात आणलेला संच विमानतळावरच अडकू शकतो आणि नाहक त्या बिचाऱ्याची चौकशी होते.

परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा देते. अर्ज ‘सरल संचार’ या सरकारी पोर्टलवर करावा लागतो. वयाची अट किमान 12 वर्षे. मुंबईत ही परीक्षा घेणारे मॉनिटरिंग स्टेशन बोरिवलीला गोराई रोडवर आहे. 1978 च्या नियमांत पुढे झालेल्या दुरुस्त्यांनंतर परवान्याच्या दोन श्रेणी राहिल्या, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. पहिलीत रेडिओचे प्राथमिक शास्त्र व नियम अशी लेखी परीक्षा. प्रत्येक भागात 40 टक्के व एकूण 50 टक्के गुण लागतात. दुसरीत याच विषयांचा अभ्यास अधिक खोल, शिवाय मिनिटाला 8 शब्दांच्या वेगाने मोर्स पाठवणे व घेणे. पहिलीत शक्तीची मर्यादा 50 वॅट, दुसरीत 400. फी व फॉर्मचे तपशील अर्ज करण्याच्या दिवशी पोर्टलवरच वाचावेत. ओळखीच्या माणसाने पाच वर्षांपूर्वी काय भरले, यावर जाऊ नये.

अर्ज, परीक्षा, प्रमाणपत्र, मग परवाना, यात महिने जातात. हा वेळ फुकट घालवू नये. संगणकाला लावायचा पेनड्राइव्हएवढा एसडीआर रिसीव्हर मिळतो, तो घ्यावा. तेवढेही जमत नसेल तर नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर मोबाईलवरून ऐकता येतो. रोज अर्धा तास ऐकणारा मुलगा तीन महिन्यांत बोलण्याची रीत शिकतो: कॉल साइन केव्हा द्यावे, गप्प केव्हा बसावे, दुसऱ्याचे बोलणे चालू असताना मध्ये कसे घुसू नये. परवाना मिळाल्यावर ज्यांना कोणी उत्तर देत नाही, त्यांच्यातले निम्मे या शिस्तीत कच्चे असतात, असा आमचा अनुभव आहे.

तारेचे महत्त्व

आता मुख्य मुद्दा. नवशिका दहा रुपयांतले नऊ संचावर आणि उरलेला एक एरियलवर घालतो. हिशेब पाहा. 50 वॅटचा संच सोडून 100 वॅटचा घेतला, तर शक्ती दुप्पट झाली असे वाटते. पण ऐकणाऱ्याच्या मीटरवर एक अंक चढायला शक्ती चौपट लागते. म्हणजे दुप्पट शक्तीने काटा जेमतेम अर्धा अंक हलला! त्याउलट गॅलरीच्या ग्रिलला बांधलेली तार गच्चीवर मोकळ्यात नेली, तर फरक अनेक अंकांचा पडू शकतो. आणि ऐकू येण्यातही तेवढाच फरक पडतो, जो कोणताही वॅट विकत देऊ शकत नाही.

डायपोल नावाची ही एरियल घरी बनते. 468 ला मेगाहर्ट्झने भागले, की तारेची एकूण लांबी फुटांत मिळते. 7.1 मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे 66 फूट, मधोमध तोडून 33-33 फुटांच्या दोन बाजू. घराच्या वायरिंगची तार चालते. आवरणाच्या तारेला प्रत्यक्षात किंचित कमी लांबी लागते, म्हणून आधी हात राखून लांब कापावी आणि मोजत मोजत कमी करावी. मोजण्यासाठी नॅनोव्हीएनए हे तळहातावर मावणारे यंत्र चार-पाच हजारांच्या आसपास मिळते. 2019 नंतर ते सर्वांच्या आवाक्यात आले. संच घेण्याआधी हे घ्यावे, असे आम्ही आग्रहाने सांगू.

प्रस्तुत लेखकाला हा धडा पैसे मोजूनच मिळाला. पहिला जुना संच घरी आणला, अंदाजाने कापलेली तार जोडली आणि पूर्ण शक्तीवर बोलायला बसलो. तार जुळत नसेल तर पाठवलेली शक्ती उलट फिरून संचाकडे येते. तिसऱ्या दिवशी शेवटच्या टप्प्याचे दोन्ही ट्रान्झिस्टर गेले. मूळ जोडी मिळेना, मिळाली ती नकली निघाली. संच आठ महिने कपाटावर पडून होता आणि घरच्यांचे टोमणे वेगळे.

केबलचेही तसेच. टेस्टर-सोल्डरिंगची सवय असलेल्या माणसाला कोॲक्सियल केबल म्हणजे साधी वायर वाटते. बारीक आरजी-58 केबल 7 मेगाहर्ट्झवर वीस मीटर टाकली तर फारसे बिघडत नाही. तीच 145 मेगाहर्ट्झवर टाकली, तर निम्म्याहून जास्त शक्ती केबलमध्येच उष्णता होऊन जाते. तिथे जाड आरजी-213 किंवा तिच्याहून चांगली केबल घ्यावी. लॅमिंग्टन रोडवर केबल आणि पीएल-259 कनेक्टर सहज मिळतात. फक्त तोंड उघडून आतली तांब्याची जाळी दाट आहे का, ते पाहूनच पैसे द्यावेत. कोकणात आणि मुंबईत चार महिन्यांच्या पावसात जोडातून पाणी शिरले की केबल आतून काळी पडते. म्हणून जोडावर रबराचा स्वतःला चिकटणारा टेप ताणून गुंडाळावा. विजेच्या तारांजवळ एरियल कधीही नेऊ नये, वळवाच्या ढगांचा आवाज आला की केबल संचापासून काढून खिडकीबाहेर ठेवावी, आणि सोसायटीच्या गच्चीवर चढण्यापूर्वी सेक्रेटरी साहेबांशी दोन गोड शब्द बोलून घ्यावेत.

संच कोणता?

हँडसेट की मोठा संच, हा नेहमीचा प्रश्न. 5 वॅटचा हँडसेट शहरात इमारतींच्या गर्दीत काही किलोमीटर जातो. आपल्या भागात रिपीटर चालू असेल आणि बोलणारी माणसे असतील तरच तो उपयोगी. म्हणून आधी आसपासच्या हॅमना विचारावे. दूरचे बोलायचे तर एचएफ संच हवा. 7 मेगाहर्ट्झवर दिवसा मुंबईहून हैदराबाद-बंगळुरू साध्या तारेवर होते, तर 14 मेगाहर्ट्झवर आखात आणि युरोप. 28 मेगाहर्ट्झवर 2024 च्या सुमारास सूर्यावरील डागांचा जोर होता तेव्हा थोड्या शक्तीत जग हाताशी आले होते. पण हे चक्र साधारण अकरा वर्षांचे असते, आणि उतरत्या काळात तो पट्टा सुना पडतो. त्यामुळे फक्त तेवढ्यासाठी संच घेऊ नये.

जपानी यासू, आयकॉम, केनवुडचे नवे एचएफ संच उत्तम असतात, पण त्यांतील नावाजलेले लाखाच्या पुढे जातात. शिवाय 100 वॅटच्या संचाला 13.8 व्होल्टवर वीस अँपिअरहून अधिक करंट देणारा पॉवर सप्लाय लागतो, हे पुष्कळांना घरी आल्यावर कळते. जुना संच घ्यायचा तर परवानाधारकाकडूनच, कागदपत्रासह घ्यावा. डमी लोड लावून प्रत्येक पट्ट्यावर शक्ती मोजून दाखवायला सांगावे. “आत्ता एरियल नाही, पण चालतो” असे म्हणणाऱ्याला सलाम करून परतावे.

या गर्दीत एक संच आपल्या देशाचा आहे आणि आमच्या मते दुरुस्तीच्या धंद्यातल्या तरुणाने त्याकडेच आधी वळावे. हैदराबादचे अशहर फरहान यांनी बिटएक्स नावाचे संच रचले. पहिला बिटएक्स-20 हा 14 मेगाहर्ट्झवर सुमारे 6 वॅटचा. त्यात त्यांनी परदेशी महाग सुटे भाग टाळले. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळणारे बालन, साधे ट्रान्झिस्टर, शेवटी आयआरएफ-510, आणि कॉइल गुंडाळायला चक्क नळाचा प्लास्टिक वायसर! रचना सर्वांसाठी खुली ठेवली, आणि ती देशोदेशीच्या लोकांनी घरी बनवली. पुढे 2016 मध्ये बिटएक्स-40 व 2018 च्या सुमारास 3 ते 30 मेगाहर्ट्झवर चालणारा मायक्रो-बिटएक्स तयार बोर्डाच्या रूपात आला. त्यांतील कॉइल गुंडाळण्याचे बारीक काम हैदराबादेतील महिलांच्या गटाने केले, आणि ते बोर्ड परदेशात रवाना झाले. म्हणजे बोलणे बिनपैशाचे असले तरी त्या यंत्रामागे उभा राहिलेला रोजगार खराखुरा होता. व्यापाराच्या पानाला हे उदाहरण पुरेसे आहे.

असा संच महागड्या जपानी संचासारखा गुळगुळीत नसतो. आवाज थोडा खरखरतो, शक्ती दहा वॅटच्या आसपास. पण बिघडला तर माणूस तो स्वतः उघडतो, आकृती समोर ठेवून एकेक टप्पा तपासतो. पुस्तकात फिल्टर, मिक्सर, ऑसिलेटर वाचणे आणि हाताने बोलता करणे, यातला फरक कारागिराला सांगायला नको. अशी मुले पुढे मोबाईलचा बोर्ड हातात घेतात तेव्हा अंदाजाने आयसी बदलत बसत नाहीत.

पुढची पायरी

वर्षभर बोलून झाले की “आता काय?” असे होते. येथेच बरेच जण आणखी मोठ्या संचाच्या मागे लागतात. त्याऐवजी मोर्स शिकावे. थोड्या वॅटची मोर्स जिथे पोहोचते तिथे तेवढ्याच शक्तीचे बोलणे विरून जाते, शिवाय जनरल श्रेणीचा रस्ता मोकळा होतो. ठिपके-रेषा कागदावर पाठ करू नयेत. कानाने, नादावर शिकावे, रोज पंधरा मिनिटे. संगणक आवडणाऱ्यांसाठी एफटी-8 आहे. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ जो टेलर व त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँके यांनी 2017 मध्ये ते आणले. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीत, कानाला ऐकू न येणाऱ्या संकेतावरही संपर्क होतो. गप्पा मात्र त्यात होत नाहीत. पाच वॅटमध्ये आपली तार कुठवर पोहोचते हे पाहण्यासाठी ते छान.

आणि ज्यांच्या गच्चीवर जुनी टीव्हीची छत्री गंजत पडली आहे, त्यांच्यासाठी एक खास गोष्ट. कतारचा एसहेल-2 हा उपग्रह नोव्हेंबर 2018 मध्ये सोडला गेला. त्यावर हॅम लोकांसाठी स्वतंत्र सोय ठेवलेली आहे आणि तो भूस्थिर असल्याने छत्री एकदा लावली की हलवावी लागत नाही. मुंबईतून तो पश्चिमेला थोडा दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण 33 अंश वर असतो. वर बोलण्यासाठी वेगळी यंत्रे व नियमांची खात्री लागेल. ऐकायला मात्र छत्री, एलएनबी आणि तो पेनड्राइव्हएवढा रिसीव्हर पुरतो. एलएनबी पीएलएल प्रकारचा घ्यावा, साध्याची फ्रिक्वेन्सी उन्ह चढले की सरकत जाते. संध्याकाळी गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसावे आणि 10,489 मेगाहर्ट्झच्या पुढे हळूहळू सरकत जावे.